जुन्या बाइकची टाकी गळते तेव्हा: आधी शोधा, मग डाग द्या

पार्किंगच्या लादीवर गाडीखाली ओल दिसली, जिन्यापर्यंत पेट्रोलचा वास आला, की बहुतेक जण आधी एम-सील आणायला धावतात. ते तूर्तास राहू द्या, आणि डाग देणं, म्हणजे वितळलेल्या कथिलाने भोक बुजवणं, तेही. जुन्या गाडीखाली सांडलेलं पेट्रोल टाकीतूनच आलेलं असतं असं नाही. टाकीतूनच आलं असलं तरी थेंब दिसतो तिथेच भोक असेल असंही नाही. पेट्रोल पातळ असतं. ते पत्र्याच्या कडेने ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. भोक वीतभर मागे, वर कुठेतरी असतं. या कामातला निम्मा वेळ शोधण्यात गेला तर तो सत्कारणी लागला असं समजा.

हे मी शिकलो वडिलांच्या स्प्लेंडरवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कालिन्यात आमच्या चाळीच्या अंगणात ती गाडी हँडलपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडून टाकीतलं सगळं सोडून दिलं, नवं पेट्रोल भरलं, गाडी सुरू झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. पण टाकी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, खोगिरासारखी बसते. तिला डावा आणि उजवा असे दोन खिसे असतात आणि कॉक असतो डावीकडे. उजव्या खिशाच्या तळाचं पाणी कॉकमधून कधीच बाहेर येत नाही. आमच्या टाकीत ते तिथेच राहिलं, आणि तीन पावसाळ्यांनंतर नेमका तोच कोपरा गळायला लागला. एका गॅरेजमध्ये दोनदा बाहेरून लेप लावून मिळाला, दोन्ही वेळा तो सुटला. तिसऱ्यांदा मी टाकी स्वतः उतरवली, आत टॉर्च मारली, तेव्हा कुठे आतला गंज दिसला.

पूर आला नसला तरी मुंबईत हे घडतं. अर्धी रिकामी टाकी झाकणाच्या बारीक भोकातून श्वास घेत असते. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या रिकाम्या भागाला दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. देशात हे मिश्रण जून २०२२ मध्ये सरासरी दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला थर धरतात. महिनोन्महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या टाकीला हा थर तळापासून खातो. जुन्या गाड्यांच्या कॉकमधलं आणि पाइपचं रबर तर इतक्या इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं.

हात लावण्यापूर्वी

हा भाग घाईने वाचू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, उतारावरून वाहते, गटारात उतरते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत आणि चाळींत विजेचे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली असतात, तिथेच गाड्या लावलेल्या असतात आणि शेजारच्या खोलीत देवापुढे समई तेवत असते. अशा जागी टाकी रिकामी करायची नाही. गाडी ढकलत मोकळ्या आवारात न्या. सुरू करून नेऊ नका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मोबाइल खिशात नको. सुती कपडे घाला. एक-दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी ठेवा, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर आग पाण्याबरोबर पसरते. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर झुंजत बसू नका, सगळ्यांना दूर करा आणि १०१ लावा.

गळती कुठे आहे

गाडी मेन स्टँडवर घ्या. टाकीचा तळ, कॉक आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. जुने ओघळ तसेच राहिले तर नवा ओघळ ओळखता येत नाही. खाली वर्तमानपत्र पसरा. आता कॉक बंद करा आणि अर्धा तास थांबा.

कॉक बंद केल्यावर थेंब थांबला, तर टाकी बहुतेक निर्दोष आहे. दोष कॉकच्या पुढे आहे: पाइप तडकलाय, क्लिप ढिली झालीय, किंवा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय. ओव्हरफ्लो असेल तर कार्ब्युरेटरखालच्या बारीक नळीतून पेट्रोल टपकतं. आत फ्लोटची नीडल (पेट्रोल पुरेसं आलं की वाट बंद करणारी सुई) नीट बसत नाही, बऱ्याचदा टाकीतून आलेल्या गंजाचा कण तिच्याखाली अडकलेला असतो. म्हणून कार्ब्युरेटर साफ करून मोकळे होऊ नका, टाकीतही डोकावा.

कॉक बंद असूनही टपकत असेल, तर आधी कॉककडेच बघा. तो टाकीला जिथे बसतो तिथलं रबर वर्षांनुवर्षं दाबून चपटं आणि कडक झालेलं असतं. कॉकच्या दांडीपाशी ओल दिसली तर आतला भोकांचा रबर वॉशर गेलाय. दुरुस्तीचं किट स्वस्तात मिळतं. रिंग निवडायची संधी मिळाली तर व्हायटॉनची घ्या, इथेनॉलपुढे ती साध्या रबरापेक्षा जास्त टिकते. नवा पाइप घेताना जुन्याचा तुकडा सोबत न्या. नागदेवी स्ट्रीटला रबरी नळ्यांची इतकी दुकानं आहेत की तुकडा दाखवला की काम होतं. फक्त ‘पेट्रोलची’ नळी हवी हे स्पष्ट सांगा. पाण्याची पारदर्शक नळी काही दिवसांत दगडासारखी होते आणि तडकते.

काट्याची टाकी असेल, म्हणजे मीटरवर पेट्रोल दिसत असेल, तर तिच्या फ्लोटचं युनिट बऱ्याच गाड्यांत तळाशी गॅस्केटवर बसवलेलं असतं. तिथेही बोट फिरवून बघा.

टाकी फुल्ल केल्यावरच वास येतो आणि दोन दिवसांनी जातो, असं असेल तर झाकणाचं रबर बघा. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की जवळजवळ दोनशे मिलिलिटरने वाढतं. पंपावरच्या टाकीतलं गार पेट्रोल तुम्ही गळ्यापर्यंत भरलंत आणि गाडी उन्हात लावलीत, तर ते झाकणातून बाहेर येणारच. तो टाकीचा दोष नव्हे, थोडी जागा ठेवून भरा.

एवढं करूनही कॉक, पाइप, झाकण कोरडंच असेल, तर भोक पत्र्याला आहे. ते शोधायला टाल्कम पावडर उत्तम. टाकीचा तळ पुन्हा पुसून कोरडा करा आणि पावडर हलक्या हाताने फासा. दहा मिनिटांनी ओल धरलेली रेघ स्वच्छ दिसते. त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे भोक. मुख्यतः चार ठिकाणी बघा: खालच्या कडेचा जोड, जिथे पत्र्याचे दोन भाग एकत्र येतात; पुढच्या रबरांची बैठक, जिथे पत्रा घासतो; सीटखाली मागचा बोल्ट लागतो ती पट्टी, जिथे हादऱ्यांनी चीर जाते; आणि दोन्ही खिशांचे तळ, जिथे पाणी बसतं. चीर हादऱ्याची असेल तर रंग शाबूत असतो आणि केसाएवढी रेघ दिसते. भोक गंजाचं असेल तर रंगाला आधी फोड येतो. फोड टोच्याने फोडायचा मोह आवरा. टाकी रिकामी होईपर्यंत तो रंगच तुमचं पेट्रोल धरून असतो.

रस्त्यात असाल तर

सुईएवढ्या भोकावर अंगाचा किंवा कपड्याचा साबण कोरडाच घासून दाबून बसवा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत तो भोक धरतो. जुने मेकॅनिक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि ते खरंच चालतं. एम-सील ओल्या पत्र्याला चिकटत नाही. टाकी रिकामी करून, रंग खरवडून, पत्रा कोरडा करून लावलंत तर काही काळ धरेल, पण आतून खाल्ला गेलेला पत्रा त्याच्या शेजारी पुन्हा फुटतो. आमच्याकडे हेच झालं. दोन्हीकडे तात्पुरता उपाय म्हणूनच बघा आणि गळती असेपर्यंत गाडी बंद जागेत लावू नका.

टाकी रिकामी करणं आणि उतरवणं

पेट्रोल धातूच्या डब्यात किंवा पेट्रोलसाठीच्या जाड कॅनमध्ये काढा. पाण्याच्या बाटल्या नकोत. नळी तोंडाने ओढू नका. सीट आणि बाजूची कव्हरं काढा, मागचा बोल्ट सोडा, कॉकपासून पाइप सोडवा, काट्याची वायर असेल तर काढा, आणि टाकी मागच्या बाजूने जरा उचलून मागे ओढा. पुढची रबरं घट्ट बसलेली असतात, डावी-उजवी हलवत काढा. मग कॉकही काढून घ्या आणि टाकी उजवीकडे, डावीकडे, उलटी अशी तिरपी करून दोन्ही खिसे पूर्ण रिकामे करा.

निघालेलं पेट्रोल काचेच्या बरणीत थोडं घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. असलं पेट्रोल पुन्हा वापरू नका आणि गटारात तर अजिबात ओतू नका. आपली पावसाळी गटारं समुद्रात जातात आणि वाफ वाटेतल्या प्रत्येक जाळीतून वर येते. ओळखीच्या गॅरेजला विचारा, जुन्या ऑइलबरोबर ते द्यायची सोय असते.

आणखी एक. टाकी डाग द्यायला दूर न्यायची असेल तर लोकलने नेऊ नका. ज्वालाग्राही माल डब्यात नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि गर्दीच्या डब्यात पेट्रोलची वाफ धरलेली टाकी हा नियमापलीकडेही भयंकर प्रकार आहे. नीट धुऊन रिक्षाने न्या.

धुणं आणि गंज काढणं

गरम पाणी आणि कपड्याची पावडर घालून टाकी तीन-चारदा खळखळून धुवा. पहिल्या धुण्याचं पाणी वेगळं काढा, त्यात पेट्रोल असतं. नंतर टॉर्चने आत बघा. तपकिरी धूळ असेल तर सोपं आहे. पापुद्रे सुटत असतील तर मेहनत आहे.

गंजाला सायट्रिक अ‍ॅसिड चांगलं लागू पडतं, किराणा दुकानात ते लिंबूसत्व म्हणून मिळतं. लिटरभर गरम पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला अर्धा ते एक किलो. कॉकचं भोक बुचाने बंद करून टाकी गळ्यापर्यंत भरा आणि एक दिवस ठेवा. तुमच्या भोकातून पाणी पाझरेल, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधा. झाकण लावू नका. आम्ल आणि लोखंडाच्या क्रियेतून हायड्रोजन निघतो, त्याला वाट हवी आणि जवळपास विस्तव नको. बाहेरचा रंग प्लॅस्टिकने झाका. पापुद्रे जाड असतील तर जुन्या चेनचा तुकडा आत टाकून टाकी हलवा आणि नंतर तो बाहेर काढायला विसरू नका. शेवटी पाणी ओतून द्या, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा आणि मग साध्या पाण्याने.

आता मुंबईची अडचण. उघडा पडलेला पत्रा पावसाळी हवेत काही मिनिटांत पुन्हा नारिंगी होतो. म्हणून हे काम शक्यतो डिसेंबर ते मार्चमध्ये काढा, सकाळी धुवा आणि कडक उन्हात उलटी ठेवून वाळवा. लगेच डाग द्यायचा नसेल तर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचा हात आतून फिरवून ठेवा. डाग देण्यापूर्वी मात्र ते पुन्हा पावडरने धुऊन काढावं लागेल.

गंज गेल्यावर टाकीची खरी अवस्था कळते. एका भोकाची अपेक्षा असते आणि चार निघतात. खात्रीसाठी गळ्याला रबर आवळून बंद करा, कॉकच्या तोंडाला नळी लावा आणि सायकलच्या हातपंपाने चार-पाच दाब द्या, त्यापुढे नाही. बाहेरून साबणाचा फेस लावा, जिथे बुडबुडा येतो तिथे खडूने खूण करा. टायरवाल्याच्या कंप्रेसरने हवा भरू नका. टायर तीस पाउंड सहज घेतो, टाकीचा पत्रा त्याच्या दहाव्या हिश्श्यातच फुगायला लागतो.

डाग, ब्रेझिंग की नवी टाकी

इथे नवख्याने आपली हद्द ओळखावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण भरलेल्या टाकीत वाफेला हवा मिळत नाही आणि रिकाम्या टाकीत ती अगदी स्फोटाच्या प्रमाणात मिसळते. नाकाला वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असंही धरू नका. जोडाच्या घडीत आणि गंजाखाली पेट्रोल लपून बसतं आणि पत्रा तापला की बाहेर येतं. आच लागणारं काम घरी करायचं नाही. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जुन्या दुकानांत टाक्यांना डाग देणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे जा.

त्यांना एकच प्रश्न विचारा: आच लावण्यापूर्वी टाकीचं काय करता? कारागीर जाणता असेल तर तो सांगेल की पुन्हा धुतो, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरतो, झाकण आणि कॉकची भोकं उघडी ठेवतो, किंवा आत कार्बन डायऑक्साइड सोडतो. “काही होत नाही” असं म्हणून कोणी गॅस पेटवला तर टाकी उचलून निघून या. कामाच्या ओळखीपेक्षा त्याचा आणि तुमचा जीव मोठा आहे.

सुईएवढ्या भोकांना कथिलाचा डाग पुरतो. कथिल-शिशाचा डाग साधारण दोनशे अंशांच्या आसपास वितळतो, पत्रा वाकत नाही. हादऱ्याच्या चिरेला तो टिकत नाही, तिथे पितळेचं ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधणं हवं, आणि शेंगदाण्याएवढं भोक असेल तर वर पत्र्याचं ठिगळ हवं. ब्रेझिंगला आठशे अंशांच्या वर आच लागते, म्हणजे आसपासचा रंग जळणार हे धरून चला. काम झाल्यावर फ्लक्स (डाग धरावा म्हणून लावलेलं रसायन) आतून-बाहेरून गरम पाण्याने धुवायला सांगा. राहिलेला फ्लक्स त्याच जागी नवा गंज आणतो.

खूण केलेल्या भोकांभोवती टोच्याने दाबून बघा. पत्रा कागदासारखा आत जात असेल तर डाग धरायला तिथे काही उरलेलं नाही, टाकी बदला. कुर्ल्यात किंवा चोर बाजारात जुनी टाकी घेताना बाहेरच्या चकचकीत रंगावर जाऊ नका. झाकण उघडून टॉर्च मारा, दोन्ही खिसे बघा, कॉकच्या भोकात बोट घालून फिरवा. बोटाला पापुद्रे लागले तर पुढच्या दुकानात जा. टाकीचा रंग वेगळा असेल तर तो गाडीच्या आधीच्या रंगात रंगवून घ्या, नाहीतर आरसीवर रंगाची नोंद बदलावी लागते.

आतून लावायचा एपॉक्सीचा लेपही मिळतो. डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि तो डागाला पर्याय म्हणून वापरू नका, डागानंतरचं संरक्षण म्हणून वापरा. गंजावर किंवा ओलीवर लावलेला लेप पुढे सालपटासारखा सुटतो आणि थेट कॉकची जाळी बंद करतो. लेप ओतण्याआधी कॉकच्या भोकात ग्रीस लावलेला बोल्ट घाला, झाकणाच्या गळ्याचे आटे झाका, आणि डब्यावर सांगितलेल्या वाळण्याच्या वेळेत एक तासाचीही काटकसर करू नका.

परत बसवताना

पुढची रबरं आणि मागच्या बोल्टचं रबर नवं घाला. जुनी चपटी रबरं हादरे थेट पत्र्यात सोडतात, आणि चीर तिथूनच सुरू झालेली असते. कॉकची जाळी साफ करून नव्या रिंगसह बसवा, पाइपला दोन्ही टोकांना क्लिप लावा. पाइपमध्ये एक छोटा पारदर्शक फिल्टर जोडला तर पुढचे दोन-तीन महिने आत काय सुटतंय ते डोळ्यांना दिसत राहतं.

आधी दोनच लिटर भरा. गाडी मेन स्टँडवर, कॉक बंद, खाली कोरडं वर्तमानपत्र, तासभर. मग कॉक उघडून आणखी तासभर. कागद कोरडा राहिला तर पाच लिटर करा आणि गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती ठेवा. त्यानंतर उजव्या बाजूला कोणाला तरी धरायला सांगून गाडी थोडा वेळ उजवीकडे कलवा, कारण उजवा खिसा आणि त्याचा जोड तेव्हाच पुरता भिजतो. शेवटी बॅटरी जोडा, गाडी सुरू करा, दहा मिनिटं खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा आणि डागाच्या जागेवर टाल्कम पावडरचा हात फिरवून रात्रभर ती मोकळ्या हवेत उभी ठेवा. सकाळी पावडर कोरडी आणि पांढरी असली की गाडी जिन्याजवळच्या जागेवर लावायला हरकत नाही.